सात नंबरची हळदीची साडी

“अप्पा, दुकानात अंधार ठेवला की जुना माल नवा दिसतो का?”

प्रश्न माझा नव्हता. ऋतुजा आणि आरोहीनं शाळेतून येताना पैज लावली होती. त्यांचं म्हणणं असं की रुद्राणी शेटे सव्वीस जानेवारीला माइकवर कितीही बोलू दे, स्वतःच्या बापापुढं तिची दातखीळ बसते. तर दुकानात गिऱ्हाईक असताना हे विचारून दाखव. मी दाखवलं. दोघी समोर झेरॉक्सवाल्याच्या पायरीवर बसून बघत होत्या.

दुकानात चार बायका आणि एक म्हातारे गृहस्थ होते. कापडाच्या दुकानात शांतता झाली की लगेच कळतं, कारण एरवी घड्या उलगडल्याचा आवाज सारखा चालूच असतो. तो थांबला. आईनं गल्ल्यावरून माझ्याकडं असं बघितलं की घरी गेल्यावर काय होणार ते मला तिथंच समजलं.

अप्पा चिडले नाहीत. एका बाईच्या मांडीवर साडी उघडी पडली होती, ती त्यांनी उचलली.

“ताई, ही आत कोणत्या रंगाची दिसायली?”

“हिरवी. गडद हिरवी.”

“या भाईर.”

अप्पा साडी घेऊन ओट्यावर गेले, मागनं ती बाई, तिच्या मागनं तिच्या सोबतच्या तिघी. पदर उजेडात धरला.

“अगं बया! मोरपंखी हाय की ही!”

“मोरपंखीच हाय,” अप्पा म्हणाले. मग माझ्याकडं वळले. “आत रंग खोटा दिसतो, म्हणून भाईर न्यायचा. आतला बी दावायचा, भाईरचा बी दावायचा, मग पिशवीत घालायचा. झालं समाधान? आता बस आन् या घड्या घाल.”

बाईनं साडी घेतली. मी सतरा घड्या घातल्या. पैज जिंकल्याचा वडापाव दुसऱ्या दिवशी मिळाला.

हा ओट्याचा नियम माझ्या आजोबांचा, मन्मथप्पांचा. घाटनांदूरला त्यांनी दुकान काढलं तेव्हापासून आमची साडी ओट्यावर गेल्याशिवाय पिशवीत जात नाही. गर्दी असो, गिऱ्हाईक घाईत असो, गिऱ्हाईक स्वतः म्हणू दे की राहू द्या हो, तरी अप्पा बाहेर नेतातच. लोक आम्हाला मागून ‘ओटेवाले शेटे’ म्हणतात. मला ते ऐकायला बरं वाटायचं नाही, पण आता काही वाटत नाही.

“मानलं रुद्रे,” वडापाव खाताना आरोही म्हणाली.

“मानलं, पण अंधार हाय म्हणजे हायच,” ऋतुजा म्हणाली. “तुमच्या दुकानात व्हिडिओ काढला तर साड्या न्हाईत, भुतं दिसतील.”

व्हिडिओचं तिनं सहज काढलं नव्हतं. त्या दिवसांत केजच्या एका दुकानाचे साड्यांचे व्हिडिओ आमच्याकडच्या सगळ्या बायकांच्या फोनवर फिरत होते. एक बाई साडी खांद्यावर टाकायची, पदर झटकायची आणि ‘ताई, हा पीस लगेच संपेल’ म्हणायची. आमच्याच गल्लीतल्या दोघींनी तिकडून साड्या मागवल्या होत्या. मी हे अप्पांना सांगितलं आणि म्हणाले, मी पण काढते.

अप्पा म्हणाले, “काढ. पण दुकानाचं नाव जाईल असं काई करू नको.”

आई म्हणाली, “तोंड दाखवायचं न्हाई. नुसते हात.”

“कावून?”

“कावून म्हणजे? पाव्हण्यारावळ्यात प्रत्येकाच्या हातात फोन हाय. दहावीचं वर्ष, आन् पोरगी साड्या विकायली म्हणून मलाच इचारतील.”

मला हातही चालत होते. माझे हात चांगले आहेत.

पहिला व्हिडिओ दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये काढला. दुकानात दोन ट्यूब, त्यातली एक अर्धी काळी पडलेली. साड्या ओल्या गोणपाटासारख्या दिसल्या. मग ऋतुजाच्या बहिणीच्या पार्लरमधून रिंग लाइट आणला. तो चेहऱ्यासाठी असतो, हे साडीवर लावल्यावर कळलं. जरीचे काठ पांढरे फटक झाले आणि साडीच्या प्रत्येक प्लॅस्टिकच्या पिशवीवर एक गोल चकती उमटली, जणू दुकानात वीस चंद्र उगवलेत. शिवाय दुपारी पार्लरला नवरी आली म्हणून लाइट परत द्यावा लागला.

मग मी रामेश्वरकाकांकडं गेले. ते मंडप आणि लायटिंगचं काम करतात, गावातल्या निम्म्या लग्नांत त्यांच्याच माळा असतात. ते होल्डरला वायर जोडत बसले होते.

“काका, कमी खर्चात साडीवर चांगला उजेड कसा पाडायचा?”

“किती कमी?”

“लई कमी.”

“मग तेलाचा रिकामा डबा आण.”

दोन डबे आणले, पंधरा किलोचे. काकांनी एक बाजू कापून काढली, कापलेली कड आत वळवली, मागं भोक पाडून होल्डर बसवला. डब्याचा पत्रा आतून चकचकीत, त्यामुळं नऊ वॅटचा बल्ब सुद्धा अंगावर आल्यासारखा वाटायचा. डोळ्याला टोचतो, असं मी म्हणाले तर काका म्हणाले, “कापडवाल्याची पोर हाईस आन् मला इचारती? पुढं कापड लाव की.” मग दुकानातला पांढरा लठ्ठा, दोन हात लांब, डब्यांपासून वीतभर पुढं दोरीवर ताणून बांधला. उजेड एकदम मऊ झाला, सावलीची कड गेली. शेजारच्यांनी नवा फ्रिज आणला होता, त्यातलं थर्माकोल दुसऱ्या बाजूला उभं केलं, म्हणजे तिकडची सावलीही उजळली. फोनला स्टँड नव्हता. शिलाई मशीनवर गव्हाची पिशवी ठेवली आणि गव्हात फोन रोवला. गहू पाहिजे तसा वाकतो आणि पाहिजे तिथं घट्ट धरतो, हे मला विकतच्या स्टँडपेक्षा आवडलं. सगळा मिळून खर्च चारशे साठ रुपये. डबे फुकट, कारण तेल आम्हीच खाल्लेलं.

“बल्ब पिवळा घालू का पांढरा?” काकांनी विचारलं.

“फरक काय?”

“पिवळा लग्नाला, पांढरा दवाखान्याला.”

मी पिवळा म्हणाले.

पिवळ्या उजेडात दुकान दिवसभर लग्न लागल्यासारखं दिसायचं. जरीचे काठ सोन्यासारखे, लाल साडी कुंकवासारखी. डब्यांच्या उजेडातला पहिला व्हिडिओ एकसष्ट वेळा बघितला गेला, त्यातले चाळीस वेळा मी. पंधरा दिवसांत तो आकडा दीड हजारावर गेला. माजलगाव, केज, परळीकडून फोन यायला लागले. अप्पा कधी व्हिडिओ बघायचे नाहीत, पण कुणी ‘व्हिडिओत बघितली ती द्या’ म्हणालं की साडी घेऊन निमूटपणे ओट्यावर जायचे आणि म्हणायचे, “ती हीच. पण आता हिथं बगा.” बाहेरगावाहून कुणी साडी मागवली तर तिचा खरा रंग अप्पा फोनवर सांगायचे, व्हिडिओत दिसतो त्यापेक्षा फिकी आहे, गडद आहे, असं. मला ते उगीच वाटायचं.

तुळशीची लग्नं झाली आणि खरी लग्नं सुरू झाली. त्या शनिवारी अप्पा मालासाठी सोलापूरला गेलते. मी सकाळची शाळा करून आले आणि हळदीच्या साड्यांचा व्हिडिओ करायला बसले. एक ते दहा नंबर. नऊ पिवळ्या साड्या मिळाल्या. ‘नऊ नमुने’ असं कुणी म्हणत नाही, म्हणून दहावी शोधायला लागले. गल्ल्याच्या टोकाशी सात-आठ साड्यांचा एक गठ्ठा पडला होता. त्यातली एक डब्यासमोर धरून बघितली. स्क्रीनवर ती उगाळलेल्या हळदीसारखी दिसली. बाकी नऊपेक्षा चांगली. मी तिला मध्येच, सात नंबरला घातलं.

तो गठ्ठा मागच्या फळीवरचा होता. मागच्या फळीवर दुखवट्याच्या साड्या असतात. आमच्याकडं कुणी गेलं की सोयरे घरच्या बायकांना साड्या नेसवतात. त्या साड्या फिक्या असतात, बिनकाठाच्या नाहीतर बारीक काठाच्या, आणि त्या वेगळ्या मागितल्या जातात. गिऱ्हाईक आत येऊन हळू आवाजात ‘दुखवट्याच्या दाखवा’ म्हणतं. त्या सकाळी कुणीतरी मागितल्या होत्या, आईनं काढल्या होत्या आणि गर्दीत परत ठेवायच्या राहिल्या होत्या. मी लहानपणापासून त्या फळीखाली अभ्यास केलाय. साडी हातात धरून नीट बघितली असती तर ओळखली असती. मी हातातली साडी बघितलीच नाही, स्क्रीन बघितली.

तासाभरात सुंदरबाईंचा आवाजी निरोप आला. सुंदरबाई आमच्या घाटनांदूरच्या लेक, माजलगावकडं धरणाच्या अलीकडच्या गावात दिलेल्या. माहेरच्या दुकानाशिवाय कापड घेत नाहीत.

“रुद्रा बाळा, सात नंबर दे. भाचीच्या हळदीला मामाची साडी लागती ना, ती. लई गुणाची दिसायली. आजच्या जीपला टाक, मंगळवारी आहेर घेऊन जायचंय.”

आमच्याकडं हळदीला नवरी मामाची साडी नेसते. मामाची म्हणायची, पण निवडते मामी. आणि मामीची निवड सगळा मांडव बघतो.

संध्याकाळी जीपवाला हॉर्न वाजवत उभा राहिला. मी डब्यांच्या उजेडातच साडीची घडी केली, पिशवीत घातली, वरून चिठ्ठी लावली. आई एका बस्त्याच्या गिऱ्हाइकात अडकली होती. मान न वळवता तिनं विचारलं, “ओट्यावर नेलतीस का?”

“नेलती.”

नेली नव्हती. बाहेर उजेड कमी झाला होता, ड्रायव्हर शिव्या देत होता आणि साडी मी दुपारपासून बघत होते, असं मला वाटत होतं. जीप अंबाजोगाईला गेली, तिथून पिशवी माजलगावच्या एसटीत गेली. आई-बापाशी मी बऱ्याचदा खोटं बोललेय, पण ते शाळेचं वगैरे. दुकानाचं पहिल्यांदाच.

बुधवारी सकाळी शाळेला सुट्टी होती. मी डबे पुसत होते. सुंदरबाई आल्या. ओट्यावर उभ्या राहिल्या, पण उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही. अप्पा म्हणाले, “या की ताई, आत या.”

“आत न्हाई येत, दादा. आत दिसत न्हाई म्हणून तर हे झालं.”

त्यांनी पिशवीतून साडी काढली आणि ओट्यावर पसरली. आमच्या दुकानाचं तोंड उत्तरेला आहे. ओट्यावर थेट ऊन येत नाही, पण उजेड दिवसभर सारखा असतो. त्या उजेडात सात नंबर दुधावरच्या सायीच्या रंगाची होती. बारीक करडा काठ. त्या साडीला हळदीची म्हणायला माणूस आंधळाच पाहिजे.

अप्पांनी साडीचा काठ बोटात धरून बघितला. आई गल्ल्यावरून उठून आली, बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

“काल आहेर घेऊन गेलतो,” सुंदरबाई सांगायला लागल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, सगळं आधीच बऱ्याच वेळा सांगून झाल्यासारखा होता. “माझी नणंद, छबुबाई. तिच्याच पोरीचं लगीन. वाटणीवरून चार वर्सं बोलत नव्हतो. ह्या लग्नात बोलणं चालू झालतं. मीच गेलते पायऱ्या चढून. पन्नास बाया बसल्यात्या. तुमच्या दुकानची म्हणून मी पिशवी उघडून बी बघितली नव्हती. तिनं उघडली. दुखवट्याची साडी. पोरगी रडायला लागली.”

“अरारा,” आई म्हणाली.

“मी म्हणलं, वन्सं, दुकानातनं चुकून आली. तर तिनं फोन काढला. तुमचा व्हिडिओ, मीच तिला धाडलेला, सात नंबर, पिवळीधमक. म्हणती, दुकानदारानं तर ही धाडली. मग मधी बदलली कुणी? जीप बदलती का साड्या? पन्नास बायांच्या पुढं इचारलं मला.”

ते ऐकेपर्यंत माझ्या डोक्यात एवढंच होतं की दुसरी साडी दिली की झालं. माझा व्हिडिओ त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभा राहिलाय, हे मला तेव्हा कळलं.

“ताई, चूक दुकानाची हाय,” अप्पा म्हणाले. ते आत गेले, खरी हळदीची साडी काढली, ओट्यावर आणून उलगडली. “ही घ्या. उद्या सांजच्याला हळद हाय ना? येळ हाय.”

“नेऊन काय करू? ती म्हणती, तुज्या हातची साडी माझ्या दारात नको. नवऱ्याला बी म्हणली, दादा, तू एकटा ये, वैनीला आणू नको.”

“नंबर द्या.”

अप्पांनी छबुबाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“नमस्कार. घाटनांदूरहून सोमेश्वर शेटे बोलतो. ती साडी आमच्याच दुकानातनं चुकून...”

“तुमचं गिऱ्हाईक हाय ती. तुमी तसंच म्हणणार,” पलीकडून आवाज आला. “व्हिडिओ काय खोटा हाय का?”

“व्हिडिओत उजेडामुळं...”

“कुणी काढलाय व्हिडिओ?”

अप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. “दुकानानं काढलाय.”

“दुकानाला हात असतेत व्हय? बांगड्या घातलेले हात दिसायलेत नुसते. कुणाचे हैत ते बी ठाव न्हाई, आन् मी इश्वास ठेवू? ठेवते आता, हळद दळायचीय.”

फोन बंद झाला. सुंदरबाई ओट्यावर बसल्या. आईनं पाणी आणलं. त्या दोन घोट प्याल्या, मग म्हणाल्या, “आज भावाकडं राहते. उद्या दुपारच्या जीपनं जाते. हळदीला मांडवात न्हाई जायचं तर कुठं जायचं ते बघते.” नवी साडी तिथंच राहिली. जुनीही.

त्या गेल्यावर अप्पांनी विचारलं, “शनिवारी ओट्यावर कुणी नेली?”

आई म्हणाली, “रुद्रानं नेली म्हणली.”

“नेली नव्हती,” मी म्हणाले. “मी खोटं बोलले.”

मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी टोपी सारखी केली, डब्यांपाशी गेले आणि दोन्ही बल्बची बटणं बंद केली. दुकान पुन्हा ट्यूबलाइटचं, गोणपाटाच्या रंगाचं झालं.

“व्हिडिओ बंद,” ते म्हणाले. “डबे रामेश्वरला देऊन टाक.”

मी डबे उचलले. पण दिले नाहीत. मागच्या खोलीत ठेवले आणि आरोही-ऋतुजाला बोलावलं. सगळं सांगितलं. ऋतुजा आधी हसली, मग पन्नास बायांचं ऐकून तिनं हसू आवरलं.

“सरळ सांग ना, बल्बमुळं झालं म्हणून,” ती म्हणाली.

“सांगितलं अप्पांनी. तिला खरं वाटत न्हाई.”

“मग दाखव,” आरोही म्हणाली.

दाखवायचं कसं, यात अख्खी दुपार गेली. मागच्या खोलीत डबे लावले आणि सात नंबर समोर धरली. पुन्हा हळदीसारखी. तशीच चालत ओट्यावर आले, आरोही फोन धरून उलटी चालत. स्क्रीनवर बघितलं तर बाहेर आल्यावर फोननं स्वतःच रंग सावरून घेतला होता. आत पिवळी, बाहेर येताना रंग हळूहळू पांढऱ्याकडं सरकलेला, कुणालाही वाटेल की कॅमेऱ्याची गंमत आहे. फोनला माणसापेक्षा जास्त समजूतदारपणा असतो. मग ऋतुजाला आठवलं की तिची बहीण मेकअपचे व्हिडिओ काढताना स्क्रीनवर बोट दाबून धरते, म्हणजे फोनला कुलूप लागतं आणि तो मध्येच काही बदलत नाही. कुलूप ओट्यावर लावलं, उजेडात. मग आत गेलो आणि तिथून बाहेर आलो. आत साडी भगवी म्हणावी इतकी पिवळी आणि बाहेर पांढरी. मध्ये कट नाही.

“तरी ती म्हणल, फोनात काईतरी केलंय,” ऋतुजा म्हणाली.

हे खरं होतं. साडीचा मूळ रंग कोणता, हे बघणाऱ्याला माहीतच नाही. तो आतला पण असू शकतो. शेजारी असं काहीतरी पाहिजे ज्याचा रंग सगळ्या जगाला ठाऊक आहे. मी लठ्ठा धरून बघितला. लठ्ठाही पिवळा येतो म्हटल्यावर कुणी म्हणेल, पिवळंच कापड असेल. दूध धरलं. वाटीतलं दूध म्हशीचं का गाईचं यावर ऋतुजा आणि आरोहीचं भांडण झालं.

तेवढ्यात अप्पा जेवायला मागच्या खोलीतून गेले. डबे चालू होते. ते क्षणभर त्या उजेडातून गेले आणि त्यांची टोपी पिवळीजर्द झाली. पलीकडच्या दारातून अंगणात गेले आणि टोपी पांढरी झाली.

“डबे दिले न्हाईस अजून?” ते अंगणातून म्हणाले.

“देते अप्पा.”

अप्पांची टोपी आई रोज नीळ घालून धुते. घाटनांदुरात, माजलगावात, कुठंही, अप्पांच्या वयाच्या माणसाच्या डोक्यावर पिवळी टोपी असते असं कुणी म्हणणार नाही. आरोहीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं.

“पण टोपी एकटी चालत येणार न्हाई,” ती म्हणाली.

“न्हाई.”

“आन् हात तर कुणाचे बी असतेत. ती बाई बरोबर बोलली.”

“व्हय.”

त्या दोघी घरी गेल्या. मी घड्या घालत बसले. सात नंबर पुन्हा दुखवट्याच्या गठ्ठ्यात न ठेवता वेगळी ठेवली. सुंदरबाईंच्या भावाचं घर आमच्या दुकानापासून चौथं. अंगणात त्या गहू निवडत बसल्या होत्या, माहेरी आलेली बाई बसते तशा, पण मान वर करत नव्हत्या. रस्त्यानं जाणारी एक बाई थांबली, “हळदीला गेल्या न्हाईत व्हय?” म्हणाली. सुंदरबाईंनी “उद्या हाय” म्हणून सांगितलं आणि सूप घेऊन आत गेल्या.

संध्याकाळी दुकानात दिवा लागला. अप्पांनी मन्मथप्पांच्या फोटोला हात जोडले, आई गल्ल्याला कुलूप लावायला लागली. मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले. अप्पांपुढं माझी दातखीळ बसत नाही, हे तोवर सिद्ध झालेलंच होतं. तरी सुरुवातीला थोडी बसली.

“आई, अप्पा, मी ठरवलंय.”

“काय?” आई म्हणाली.

“डबे द्यायचेत ते मी परवा देईन. उद्या सकाळी साडेआठला एक व्हिडिओ काढणार हाय. आरोही फोन धरणार. मी सात नंबर घेऊन आतून ओट्यावर चालत येणार, मधे कुठं तोडणार न्हाई. आन् तोंड दाखवणार. आई, थांब, मला बोलू दे. नाव सांगणार, रुद्राणी सोमेश्वर शेटे, दहावी. सांगणार की साडी मी निवडली, मी पिशवीत घातली, ओट्यावर न्यायची ती नेली न्हाई आन् नेली म्हणून खोटं बोलले. मामीनं काई बदललं न्हाई. तो व्हिडिओ दहा वाजायच्या आत छबुबाईंच्या फोनवर जाईल, जुना जिथं जिथं गेलाय तिथं बी जाईल. आन् नवी साडी घेऊन दुपारच्या जीपनं सुंदरबाईंच्या सोबत मी जाणार, म्हणजे ज्याला बांगड्या बघायच्या हैत त्यानं बघाव्यात. पाव्हण्यांनी इचारलं तर सांग आई, पोरगी साड्या विकत न्हाई, चूक सांगायली. आन् अप्पा, सकाळी धुतलेली टोपी घाला. तुमाला माझ्या बाजूनं चालायचंय. बोलायचं काई न्हाई, नुसतं आतून भाईर यायचं.”